भिंगाची विद्या

पुण्याच्या सायन्स कॉलेजांत १८८८ सालीं एक वेधशाळा उभी राहिली. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीमुळें ती निघाली, म्हणून तिला त्यांचेंच नांव मिळालें. तींत डब्लिन येथील ग्रब यांच्या कारखान्यांत घडविलेली, वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण बसविली होती. त्या काळीं सबंध हिंदुस्थानांत एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला हे या वेधशाळेचे चालक. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण झालें, तेव्हां करमाळा तालुक्यांतील जेऊर येथें छावणी देऊन त्यांनीं वेध घेतले. पुढें १९१२ सालीं प्रोफेसरसाहेब निवृत्त झाले, त्यांच्याबरोबर वेधशाळाहि बंद झाली, आणि दुर्बीण व इतर उपकरणें दक्षिणेंत कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेकडे रवाना झालीं. चोवीस वर्षांत ती पुण्यास आली आणि पुण्याहून गेली.

ही हकीकत वाचून मनास चुटपुट लागते, व लागणें साहजिकच आहे. परंतु दुर्बीण गेली याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट आम्हांस अशी वाटते कीं, तो आरसा ज्या विद्येनें घडला ती विद्या पुण्यास आलीच नव्हती. आलें होतें तें तिचें फळ; झाड दुसरीकडे होतें. प्रकाशाचे किरण कसे वळवावे, त्यांची प्रतिमा कोठें व कितपत स्पष्ट उमटेल हें आधीं गणितानें कसें ठरवावें, काच कशी वितळवावी, कशी घासावी, आणि उमटलेली प्रतिमा कशी टिपावी व मोजावी, हें सर्व एका अभ्यासक्रमांत गोवून पदवीधर विद्यार्थ्यांस शिकविणारी शाळा त्या वेळीं आपल्याकडे नव्हती. पण विशेष हा कीं, ज्या ब्रिटिश राज्यांतून ती दुर्बीण आली, त्या राज्याच्या राजधानींतहि अशी शाळा १९१७ पर्यंत निघाली नव्हती! आज जगांतील अनेक विश्वविद्यालयांत हा विषय पदव्युत्तर वर्गांत शिकविला जातो. आपल्यापैकीं एखाद्या घरांतील मुलगा किंवा मुलगी तो विषय घेण्याची इच्छा बोलून दाखविते, तेव्हां वडील मंडळी विचारतात, “म्हणजे पुढें चष्म्यांचें दुकान काढणार कीं काय?” या प्रश्नांत थट्टा असली तरी तीमागें खरी काळजी असते, म्हणून त्याचें उत्तरहि थट्टेवारी न देतां इतिहासाच्या आधारें द्यावें असें आम्हांस वाटतें.

या विद्येचें बालपण कारखान्यांत गेलें, आणि तें फारसें सुखाचें नव्हतें. योसेफ फ्राउनहोफर हा १७८७ सालीं बव्हेरियांतील स्ट्राउबिंग येथें काचकाम करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं जन्मला. अकराव्या वर्षीं तो पोरका झाला, व म्यूनिच येथें एका आरसेवाल्या उस्तादाकडे उमेदवारीस राहिला. पोरानें हातीं पुस्तक धरलेलें या उस्तादास खपत नसे. १८०१ सालीं उस्तादाचें घर कोसळलें व हा मुलगा ढिगाऱ्याखालीं सांपडला. त्यास जिवंत बाहेर काढण्यांत आलें तेव्हां खुद्द बव्हेरियाचा अधिपति तेथें येऊन उभा होता. त्यानें कौतुकानें कांहीं मोहरा दिल्या. त्यांतून या मुलानें पुस्तकें घेतलीं, काच घासण्याचें एक यंत्र घेतलें, आणि उमेदवारीचे उरलेले दिवस पैसे भरून सोडवून घेतले.

याच फ्राउनहोफरनें पुढें १८१४ सालीं सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत पांचशेंहून अधिक काळ्या रेषा मोजल्या. आज त्या रेषांवरून ताऱ्यांच्या पोटांतील द्रव्यें ओळखतात; पण फ्राउनहोफरला त्या वेळीं ताऱ्यांची चिंता नव्हती. आपल्या भट्टींतील काच कोणत्या रंगाच्या किरणास किती वांकविते हें त्यास अचूक मोजावयाचें होतें, आणि मोजणीस रंगाच्या पट्ट्यांत कोठें तरी स्थिर खुणा पाहिजे होत्या. शेतकऱ्यास बांधाचे दगड तशा त्याला या रेषा. भिंगें करण्याच्या कामांत मोजमाप कसें शिरलें, त्याचा हा आरंभ होय. १८२४ सालीं त्याची नऊ इंचांहून मोठ्या भिंगाची दुर्बीण रशियाच्या राज्यांतील डोरपाट येथें गेली व ज्योतिषी लोक थक्क झाले. इतकें करूनहि, विश्वविद्यालयाचें शिक्षण नाहीं म्हणून विद्वत्सभेंतील कांहीं पंडितांनीं त्याच्या प्रवेशास हरकत घेतलीच. १८२६ सालीं, वयाच्या एकूणचाळिसाव्या वर्षीं तो वारला.

त्याच्या भट्टीच्या युक्त्या हें कारखान्याचें गुपित होतें, व तें गुपितच ठेवण्यांत आलें. इकडे लंडनांत रॉयल सोसायटीनें तसली काच करण्याचें काम फॅरडे याच्याकडे सोंपविलें. फॅरडेइतका कुशल प्रयोगकर्ता त्या शतकांत क्वचितच झाला असेल. पण कित्येक वर्षें भट्टीपाशीं खपून त्यानेंहि अखेर तो नाद सोडला. यावरून एवढें दिसतें कीं, एका ठिकाणीं मनुष्याच्या हातांत असलेली विद्या दुसऱ्या ठिकाणीं केवळ बुद्धीच्या जोरावर उभी करतां येत नाहीं. ती कोणी कोणास तरी शिकवावी लागते. आणि शिकवावयाची म्हणजे ती आधीं शब्दांत व आंकड्यांत मांडतां आली पाहिजे.

हें मांडण्याचें काम येना या लहानशा जर्मन गांवीं झालें. कार्ल झाइस या कारागिरानें १८४६ सालीं तेथें आपलें दुकान काढलें होतें. तो सूक्ष्मदर्शक यंत्रें चांगलीं करी. पण त्या काळीं चांगलीं भिंगें करणें म्हणजे चाचपडणें होतें. भिंग घासावें, लावून पाहावें, जमलें नाहीं तर दुसरें घ्यावें, आणि नशिबानें जोडी जुळली म्हणजे तें यंत्र विकावें. झाइसला ही पद्धति खटकत असे. पुलाच्या कमानी जशा आधीं कागदावर गणून मग बांधतात, तशीं भिंगेंहि आधीं गणून मग घासतां आलीं पाहिजेत असा त्याचा आग्रह होता. स्वतःस गणित पुरेसें येत नाहीं हें तो जाणून होता, व तें कबूल करण्यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं. १८६६ सालीं त्यानें येनाच्या विश्वविद्यालयांतील एका तरुण अध्यापकाचें दार ठोठावलें. त्या अध्यापकाचें नांव एर्न्स्ट आबे, वय सव्वीस वर्षें.

आबे हा सूतगिरणींतील कामगाराचा मुलगा. बाप दिवसाचे चौदा चौदा, सोळा सोळा तास यंत्रापाशीं उभा असे, आणि मुलगा त्याला दुपारचें जेवण नेऊन देई. बाप भिंतीस टेकून घाईनें चार घांस खाई व रिकामें भांडें मुलाच्या हातीं देऊन पुन्हां कामास लागे. हें दृश्य आबे जन्मभर विसरला नाहीं. त्याचा परिणाम पुढें सांगूं.

आबेनें गणित केलें, झाइसनें त्याबरहुकूम भिंगें घांसलीं, आणि यंत्र पूर्वीपेक्षां वाईट झालें! ही गोष्ट आमच्या मतें या विद्येच्या इतिहासांतील सर्वांत मोलाची आहे. भिंगाच्या कडेनें शिरणारे किरण प्रतिमा बिघडवितात, म्हणून आबेनें भिंगाचें तोंड लहान ठेवून आंत जाणारा प्रकाशाचा शंकु अरुंद केला होता. किरणांच्या रेखागणिताप्रमाणें प्रतिमा अधिक रेखीव यावयास पाहिजे होती. पण जाड्याभरड्या कारागिरीच्या रुंद तोंडाच्या भिंगांतून जी बारीक नक्षी दिसे, ती या शुद्ध भिंगांतून मुळींच दिसेना. एखादा कारागीर असता तर त्यानें गणित फेंकून दिलें असतें. एखादा नुसता पंडित असता तर त्यानें दोष कारागिराच्या माथीं मारला असता. आबेनें दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. जें कागदावर खरें तें काचेंत खोटें कां ठरावें, या एकाच प्रश्नामागें तो कित्येक वर्षें लागला.

त्याला जें उत्तर सांपडलें तें वाचकांस घरबसल्या अजमावून पाहतां येईल. रात्रीं एखादी पातळ मलमल डोळ्यांसमोर ताणून धरावी व तींतून दूरच्या दिव्याकडे पाहावें. दिवा एकच असतांहि त्याच्या भोंवतीं चारी दिशांस फिकट दिव्यांची रांग लागलेली दिसेल. प्रकाश हा तरंगरूप असल्यामुळें बारीक धाग्यांतून जातांना तो नुसता सरळ जात नाहीं. कांहीं भाग ठराविक कोनांतून बाजूस फांकतो. वीण जितकी बारीक, तितके हे बाजूचे दिवे मूळ दिव्यापासून दूर पडतात. सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलेल्या पदार्थाचीहि हीच गोष्ट. त्याच्या अंगावरची नक्षी जितकी सूक्ष्म, तितका तिचा प्रकाश अधिक फांकणार. आणि भिंगाचें तोंड अरुंद असेल तर तो फांकलेला प्रकाश बाहेरच्या बाहेर जाणार. जो निरोप आंतच आला नाहीं तो भिंगानें डोळ्यास कोठून सांगावा? आबेनें भिंग शुद्ध करण्याच्या नादांत निरोप्यालाच दाराबाहेर ठेविलें होतें.

हा सिद्धांत त्यानें १८७३ सालीं प्रसिद्ध केला. त्याबरोबर त्यानें जे प्रयोग दाखविले ते आजहि पदव्युत्तर वर्गांत करून दाखवितात. काचेवर ओढलेल्या समांतर बारीक रेघा सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवाव्या व भिंगामागें पडणारे ते बाजूचे दिवे पाहावे. मधला तेवढा ठेवून बाकीचे सर्व झांकले तर प्रकाश दिसतो, पण रेघा नाहींशा होतात. मधला ठेवून बाजूचे एकाआड एक झांकले, तर ज्या रेघा मुळांत नाहींत त्या दिसूं लागतात. त्यांची संख्या दुप्पट होते! पदार्थ तोच, भिंग तेंच, पण आपण कोणता प्रकाश आंत घेतला व कोणता अडविला यावर प्रतिमा ठरली. डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे खरें, असें आपण व्यवहारांत म्हणतों. आबेनें असें दाखविलें कीं, पाहणें हीसुद्धां एक घडण आहे, आणि तिचे नियम न जाणतां पाहणारा फसूं शकतो. याच सिद्धांतावरून सूक्ष्मदर्शकाची मर्यादाहि ठरली. प्रकाशतरंगाच्या लांबीच्या सुमारें निम्म्याहून जवळ असलेल्या दोन खुणा वेगळ्या दिसूं शकत नाहींत. म्हणजे एका मिलिमीटरचे चार हजार भाग केले तर त्यांतील एका भागापाशीं आपली दृष्टि थांबते. काचेच्या कारागिरींत कितीहि सुधारणा झाली तरी ही भिंत हटणारी नव्हती.

नियम कळले तरी काच पाहिजेच. त्या वेळीं भिंगांसाठीं क्राऊन व फ्लिंट अशा मुख्यतः दोनच जातींच्या काचा मिळत, आणि त्यांची कशीहि जोडी लाविली तरी प्रतिमेच्या कडेस थोडासा रंग राहूनच जाई. १८७९ सालीं ऑटो शॉट या काचकाराच्या मुलानें, जो स्वतः येनाचा डॉक्टर होता, आपल्या प्रयोगांतील नव्या काचेविषयीं आबेस पत्र लिहिलें. त्या पत्रांतून दोघांचा स्नेह जडला. १८८२ सालीं शॉट येनास येऊन राहिला, १८८४ सालीं काचेची प्रयोगशाळा निघाली, आणि १८८६ च्या यादींत चव्वेचाळीस प्रकारच्या काचा विक्रीस मांडल्या गेल्या. त्याच वर्षीं रंगाचा दोष जवळजवळ नाहींसा केलेलीं नवीं सूक्ष्मदर्शक भिंगें बाहेर पडलीं. एकानें सिद्धांत सांगावा, दुसऱ्यानें काच ओतावी, तिसऱ्यानें ती घासावी, आणि तिघांनीं एकाच गांवांत राहून एकमेकांच्या चुका काढाव्या, असा हा योग होता.

झाइस वारल्यावर त्या कारखान्याचा मालक होऊन आबेस गडगंज संपत्ति भोगतां आली असती. त्यानें १८८९ सालीं एक निधि स्थापिला, पुढें आपली मालकी त्याच्या स्वाधीन केली, आणि नफ्यांतून विश्वविद्यालयास व लोकोपयोगी कार्यास साहाय्य मिळावें अशी व्यवस्था केली. १९०० सालीं त्या कारखान्यांत आठ तासांचा दिवस सुरू झाला. भिंतीस टेकून जेवणारा बाप मुलगा विसरला नाहीं, असें आम्हीं वर म्हटलें तें याचसाठीं. आबेनें स्वतः लिहिलें थोडें. त्याचा सिद्धांत व्यवस्थित ग्रंथांत मांडण्याचें काम त्याचा सहकारी झीगफ्रीड चाप्स्की यानें १८९३ सालीं केलें. फ्राउनहोफरची विद्या गुपित राहिली. आबेची विद्या ग्रंथांत आली. दोघांत अंतर बुद्धीचें नव्हे, तर एवढेंच.

परंतु ग्रंथ झाला म्हणजे शाळा झाली असें नाहीं. इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका या देशांस येनाची काच व येनाचीं भिंगें विकत मिळत होतीं, व विकत मिळणारी वस्तु शिकावी असें सहसा कोणास वाटत नाहीं. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि तो बाजार एका दिवसांत बंद झाला. तोफांचे अंतरमापक, पाणबुड्यांचे दर्शक, फौजी दुर्बिणी, विमानांतून छायाचित्रें घेण्याचीं भिंगें, या सर्वांचें मूळ शत्रूच्या घरीं! ब्रिटनमध्यें अशी काच करणारा चान्स बंधूंचा एकच काय तो कारखाना होता, आणि त्याची काच देशाच्या गरजेचा लहानसा अंश भागवीत असे. अमेरिकेंत तर १९१७ सालीं खडकांचा अभ्यास करणाऱ्या भूभौतिक प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांस भट्ट्यांपुढें उभें करावें लागलें. पैसा होता, कारखाने होते, गरज तर जिवावरची होती. नव्हतीं तीं माणसें. आणि माणसें ही वस्तु तार केली म्हणजे गलबतांतून येणारी नव्हे.

मग घाईनें शाळा निघूं लागल्या. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत १९१७ सालीं तांत्रिक प्रकाशविद्येचा विभाग स्थापन झाला व चेशायर हे त्याचे प्रमुख झाले. पेट्रोग्राड येथें १९१८ सालीं, राज्यक्रांतीच्या ऐन धुमाळींत, रोझदेस्त्वेन्स्की यांनीं सरकारी प्रकाशसंस्था उभी केली. पॅरिसची प्रकाशसंस्था १९१७ पासून आकार घेऊं लागली व १९२० सालीं शार्ल फाब्री यांच्या देखरेखीखालीं तिचें काम सुरू झालें. अमेरिकेंत रॉचेस्टर येथें १९२९ सालीं, कोडॅक व बॉश अँड लोम या कंपन्यांच्या साहाय्यानें, विश्वविद्यालयांतच अशी संस्था निघाली. बारा वर्षांत चार देशांनीं एकच धडा घेतला.

लंडनच्या विभागांत भिंगरचना शिकविण्याचें काम ज्यांच्याकडे आलें त्यांची गोष्ट मोठी मौजेची आहे. अलेक्झांडर यूजीन कॉनराडी हे जन्मानें जर्मन. बॉन येथें शिकलेले, व पुढें लंडनच्या वॉटसन कंपनींत भिंगांची आंखणी करणारे. ज्या राष्ट्राशीं लढाई चालली होती त्याच राष्ट्रांत जन्मलेल्या मनुष्यानें इंग्लंडच्या मुलांस भिंगें गणावयास शिकविलें, आणि त्यांच्या निष्ठेनें शिकविलेल्या पाठांवर १९२९ सालीं जो ग्रंथ झाला तो पुढील पिढ्यांचा आधार ठरला. त्याचा दुसरा भाग त्यांच्या हयातींत पुरा झाला नाहीं. तो १९६० सालीं बाहेर पडला. कॉनराडींची पद्धति अशी कीं, एकेक किरण घेऊन तो प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावर किती वळतो हें लॉगरिदमच्या कोष्टकांनीं गणावें, शेवटीं सर्व किरण एका बिंदूंत मिळतात कीं नाहीं तें पाहावें, आणि न मिळाल्यास कोठें काय बदलावें याचा निर्णय करावा. एका भिंगासाठीं दिवसेंदिवस आंकडेमोड! आज तें काम गणकयंत्र डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच करितें. पण काय बदलावें हा निर्णय अजून विद्यार्थ्यासच शिकावा लागतो.

कॉनराडींच्या हाताखालीं शिकलेल्यांत रुडॉल्फ किंग्सलेक हे एक होते, व कॉनराडींची कन्या हिल्डा ही दुसरी. १९२९ सालीं या दोघांचा विवाह झाला, आणि त्याच वर्षीं रॉचेस्टरच्या नव्या संस्थेंत शिकविण्यास हें जोडपें अमेरिकेस गेलें. पुढें किंग्सलेक कोडॅकमध्यें गेले तरी त्यांनीं तेथील वर्ग सोडला नाहीं. लग्नांत कन्येबरोबर भांडींकुंडीं जातात. येथें एका देशाहून दुसऱ्या देशास एक सबंध विद्या गेली.

या शाळांचें खरें फळ तीसेक वर्षांनीं हातीं आलें, व त्यांत एक हिंदी विद्यार्थीहि आहे. इंपीरियल कॉलेजांतील अध्यापक हॅरल्ड हॉप्किन्स यांना १९५१ सालीं एका भोजनप्रसंगीं एका वैद्यानें आपली अडचण सांगितली: रोग्याच्या पोटांत पाहण्याची नळी ताठ असते, रोग्याचे हाल होतात, आणि तरीहि सर्व कोपरे दिसत नाहींत. हॉप्किन्स यांना सुचलें कीं, केंसासारख्या बारीक काचतंतूंची जुडी केली व दोन्ही टोंकांस त्यांचा क्रम तोच ठेविला, तर प्रत्येक तंतु प्रतिमेचा एक ठिपका वाहून नेईल आणि जुडी वांकली तरी प्रतिमा मोडणार नाहीं. हें काम त्यांनीं १९५२ पासून नरिंदरसिंग कपानी या संशोधक विद्यार्थ्याच्या साहाय्यानें हातीं घेतलें. कपानी पंजाबांतील मोगा येथले, आग्र्यास शिकलेले. प्रकाश नेहमीं सरळ रेषेंतच जातो असें शाळेंत कोणी शिकविलें तेव्हांपासून तें खोटें पाडण्याची आपणांस हौस लागली, असें ते पुढें सांगत असत. हजारों तंतु एकेक करून क्रमवार मांडण्याचें तें काम. हातांस चिकाटी नसेल तर एकट्या डोक्यानें होणारें नव्हे. २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’ साप्ताहिकांत गुरुशिष्यांचा तो लेख प्रसिद्ध झाला.

पण तंतु एकमेकांस टेंकले कीं प्रकाश एकांतून दुसऱ्यांत गळे, आणि प्रतिमा फिकी पडे. यावरचा तोडगा त्याच अंकांत दुसऱ्या एका लेखांत होता. डेल्फ्टचे प्राध्यापक व्हान हेल यांनीं असें सुचविलें होतें कीं, प्रत्येक तंतूवर वेगळ्या जातीच्या पारदर्शक द्रव्याचें आवरण असावें. ही कल्पना त्यांच्याशीं १९५१ सालीं बोलून दाखविणारे गृहस्थ ब्रायन ओब्रायन. आणि ते होते कोण? रॉचेस्टरच्या त्याच प्रकाशसंस्थेचे संचालक! शेवटीं १९५६ सालीं अमेरिकेंतील मिशिगन येथें लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्यानें काचेवर काचेचेंच आवरण चढवून तंतु ओढला, व १९५७ सालीं बेसिल हर्शोविट्झ या डॉक्टरानें त्या जुडीनें रोग्याच्या पोटांत पाहिलें. लंडन, डेल्फ्ट, रॉचेस्टर, मिशिगन. हा शोध कोणा एकाचा म्हणावा? आम्हांस तर तो शाळांचा वाटतो. दारूगोळ्याच्या टंचाईंतून ज्यांचा जन्म झाला, त्या शाळांतून रोग्याच्या पोटांत उजेड नेणारें साधन निघालें, ही इतिहासाची त्यांतल्या त्यांत समाधानाची बाजू.

तेव्हांपासून या विद्येचा विस्तार फार झाला; त्याचा नुसता उल्लेख पुरे. प्रतिमा पाडणें एवढ्यावर आतां ती थांबत नाहीं. ती टिपणें व मोजणें हाहि तिचाच भाग झाला आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बॉइल व स्मिथ यांनीं सिलिकॉनची अशी चकती काढली कीं, तिजवर पडलेला प्रकाश विजेच्या भारांत साठतो व ओळीनें मोजला जातो. मग प्रतिमा आंकड्यांचा तक्ता होते, व गणितानें ती सुधारतांहि येते. २००९ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक अर्धें या दोघांस, आणि अर्धें काचतंतूंतून दूरवर संदेश नेण्याचा मार्ग दाखविणारे चार्ल्स काओ यांस मिळालें. कपानींस तें मिळालें नाहीं याबद्दल पुष्कळांस खेद वाटला. ते २०२० सालीं वारले, व त्यानंतर १९२१ सालच्या असहकारितेनंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२१ सालीं, हिंदुस्थान सरकारनें त्यांस पद्मविभूषण ही पदवी मरणोत्तर दिली. २०१४ सालीं रसायनशास्त्राचें पारितोषिक ज्यांस मिळालें, त्यांनीं स्वयंप्रकाशी रेणूंच्या युक्तीनें आबेच्या मर्यादेपलीकडचें पाहण्याची वाट काढली. पण ती भिंत कोठें व कां उभी आहे हें आबेनें नीट सांगितलें होतें, म्हणूनच तिला दार कोठें पाडावें हें त्यांस ठरवितां आलें.

आपल्या देशानेंहि स्वातंत्र्यानंतर हा धडा गिरविला आहे. कलकत्त्याच्या जादवपूर येथें १९५० सालीं उघडलेल्या काच व मृत्तिकाद्रव्यांच्या मध्यवर्ती संशोधनसंस्थेनें पुढच्या दशकांत स्वतःच्या प्रयोगांनीं भिंगांची काच तयार केली. कलकत्त्याचें विश्वविद्यालय, दिल्लीची तंत्रज्ञानसंस्था वगैरे ठिकाणीं पदव्युत्तर विद्यार्थी हा विषय शिकतात. पुण्यांतहि १९८८ सालीं, म्हणजे त्या जुन्या वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, खगोलविज्ञानाचें आंतरविश्वविद्यालयीन केंद्र निघालें, व त्याची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण जुन्नरच्या बाजूस गिरवली येथें उभी आहे. या वेळीं दुर्बिणीबरोबर शिष्यमंडळीहि आहे, हा शंभर वर्षांतील फरक लहान नव्हे.

आतां घरांतील वडील मंडळींच्या प्रश्नाकडे वळूं. हा विषय शिकणारी मुलगी चष्म्यांचें दुकान काढणार कीं काय? काढलें तर त्यांत कमीपणा नाहीं. झाइसहि दुकानदारच होता. पण आमच्या पांढरपेशा घरांत एक जुनी समजूत अशी आहे कीं, उच्च शिक्षण म्हणजे हात मळविण्यांतून सुटका. वर जो इतिहास सांगितला त्यानें ही समजूत पार खोटी ठरविली आहे. या विद्येंत नुसत्या हातानें चाललें नाहीं, म्हणून फ्राउनहोफरची कला त्याच्या मागें झांकलेली राहिली. नुसत्या गणितानें चाललें नाहीं, म्हणून आबेचें पहिलें यंत्र फसलें. जेव्हां दोन्ही एका छपराखालीं आलीं आणि त्यांत शिष्यांची भर पडली, तेव्हां विद्या जगली. पदवीनंतरचीं जीं दोनचार वर्षें आपणांस वायां गेल्यासारखीं वाटतात, त्यांतच विद्यार्थ्याचें पहिलें भिंग फसतें, आणि तें कां फसलें हें शोधण्यास त्यास मोकळीक असते. तेवढी मोकळीक आपण आपल्या मुलांस द्यावी. दुर्बीण विकत घेतां येते, हें पुण्यानें १८८८ सालीं पाहिलें. ती गाडींत घालून परत नेतांहि येते, हें १९१२ सालीं पाहिलें. शिकलेलें मनुष्य मात्र आपल्या मागें दुसरें मनुष्य तयार करून जातें, आणि तें कोणासहि उचलून नेतां येत नाहीं.